सुपातले आणि जात्यातले

आमच्या ऑफिसात एका भिंतीवर जुना टीव्ही टांगलेला आहे. त्यावर दिवसभर तीन आकडे दिसतात. पहिल्याखाली लिहिलंय ‘सुपात’, दुसऱ्याखाली ‘जात्यात’. तिसऱ्याचं पुढे सांगते. ही नावं मी चार वर्षांपूर्वी एका रात्री थोडी चिडून, थोडी गंमत म्हणून घातली आणि ती तशीच राहून गेली. सुपात म्हणजे रांगेत थांबलेली कामं. जात्यात म्हणजे या क्षणी कुठला तरी वर्कर, म्हणजे मागे बसून कामं उरकणारा प्रोग्रॅम, हातात घेऊन बसलाय ती. परवा नव्यानं लागलेल्या मुलानं विचारलं, “मॅडम, पण सूप का?” त्याच्या डोळ्यांपुढे टोमॅटोचं सूप होतं. बाणेरमध्ये वाढलेला मुलगा, घरी पीठ पिशवीतून येतं, त्याचा काय दोष. मी म्हण सांगितली: जात्यातले रडतात, सुपातले हसतात. तो क्षणभर थांबून म्हणाला, “म्हणजे पेंडिंग आणि ॲक्टिव्ह. पण सुपातले हसतात कशाला? त्यांचाही नंबर लागणारच आहे की.”

प्रश्न बरोबर होता. चहाच्या वेळी उत्तर द्यायला गेले आणि ते इतकं लांबलं की चहा गार झाला. म्हणून इथे लिहून काढते.

आम्ही पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर करतो. रक्त घेतलं, नळीवर बारकोड चिकटवला, मशीननं आकडा दिला, डॉक्टरांनी सही केली. आमच्या प्रोग्रॅमच्या लेखी यातली प्रत्येक गोष्ट ही एक घटना, इव्हेंट. घटना घडली की तिच्यामागे कामांचं शेपूट येतं. सही झाली की रिपोर्टचा पीडीएफ करायचा, पेशंटला मेसेज धाडायचा, त्याला पाठवणाऱ्या डॉक्टरांना ईमेल करायचा, महिनाअखेरच्या बिलात एक ओळ वाढवायची. सही करणाऱ्या डॉक्टरांना यातल्या कशासाठीही थांबायचं नसतं. त्यांनी बटण दाबलं, त्यांचं काम संपलं, बाकीचं ‘मागे होऊ दे’. या ‘मागे होऊ दे’वर माझं पोट आहे.

सुरुवातीला सगळं एकाच प्रोग्रॅममध्ये होतं, पायथन भाषेत, इव्हेंट लूपवर. इव्हेंट लूप म्हणजे एकट्यानं अमृततुल्य चालवणारा माणूस. आधण ठेवतो, ते उकळेपर्यंत कुणाला सुटे देतो, तेवढ्यात दूधवाला आला तर कॅन उतरवून घेतो, परत आधणाकडे वळतो. हात दोनच, पण तो कशाचीही वाट बघत उभा राहत नाही, म्हणून वीस गिऱ्हाइकं सांभाळतो. एका सर्व्हरनं एकाच वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ साली मांडला तेव्हापासून लोक याच वाटेनं चाललेत. रायन डाल यांनी २००९ मध्ये जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवणारं नोड उभं केलं ते याच कल्पनेवर. पायथनमध्ये ती २०१४ साली ३.४ आवृत्तीबरोबर घरची झाली आणि पुढच्या वर्षी ‘असिंक’ आणि ‘अवेट’ हे शब्द थेट भाषेतच आले.

हे शब्द आले आणि आमच्यासारख्यांची एक ठाम समजूत झाली, की फंक्शनच्या पुढे ‘असिंक’ लावलं की काम हलकं होतं. होत नाही. दुसऱ्याची वाट बघण्यात जाणारा वेळ तेवढा वाचतो. डेटाबेसचं उत्तर यायचंय, पलीकडच्या सर्व्हरचं यायचंय, तेवढ्यात दुसरं काही उरकता येतं. पण पीडीएफ तयार करणं हे आपलंच काम. तिथे वाट बघायला कुणी नसतं, स्वतः राबायचं असतं. आमचा पीडीएफ चार सेकंद घ्यायचा आणि ते चार सेकंद आमचा अमृततुल्यवाला सगळं दुकान सोडून आलं किसत बसायचा. तेवढ्या वेळात लॉगिन करणारी रिसेप्शनिस्ट, बारकोड छापणारा तंत्रज्ञ, रिपोर्ट उघडणारा पेशंट, सगळे गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत. सकाळी साडेअकराला, जेव्हा डॉक्टर एका बैठकीत साठ-सत्तर सह्या करतात, तेव्हा तर विचारूच नका.

मग आम्ही हुशारी केली. काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे त्याच प्रोग्रॅमच्या पोटातल्या दुसऱ्या समांतर धाग्यावर, ढकललं आणि त्याला हाकायला लूपवरच एक टास्क, एक छोटं काम, सोडून दिला. मागे बसून कर, मी पुढे जाते. पायथनच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय की असा टास्क निर्माण केलात तर त्याचा संदर्भ स्वतःजवळ धरून ठेवा. लूप त्याला सैल धरून असतो, तुम्हीही सोडलात तर मेमरीच्या साफसफाईत तो अर्ध्यातच उचलला जाऊ शकतो. आम्ही ते वाचलं नव्हतं. त्यापेक्षा मोठा घोळ साधा होता. दुपारी दीड वाजता, लॅबमध्ये जेवणाची वेळ बघून, आम्ही नवी आवृत्ती चढवायचो. जुना प्रोग्रॅम बंद, नवा सुरू. जुन्याच्या पोटात असलेली बावीस-पंचवीस कामं त्याच्याबरोबर गेली. ती कुठेच लिहिलेली नव्हती. गेली हे कळायलाही मार्ग नव्हता. संध्याकाळी एका लॅबमधून फोन आला, “मॅडम, आज पेशंट रिपोर्ट मागायला समोर येऊन उभे राहतायत.”

त्या संध्याकाळी मला मामाची गिरणी आठवली.

मामाची कराडला पिठाची गिरणी होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि माझा मामेभाऊ तिथे पडीक असायचो. गिरणीत कुणी रांगेत उभं राहत नाही. डबा उभा राहतो. बाकावर स्टीलचे, पत्र्याचे, तुपाचे धुतलेले डबे ओळीनं, प्रत्येकावर कुणाचं तरी नाव कोरलेलं, आणि आत धान्यावर एक चिठ्ठी: गहू, ५ किलो, बारीक. चिठ्ठ्या लिहायचं काम माझं. बाई डबा ठेवायची, “सांजच्याला येते” म्हणायची आणि भाजीला निघून जायची. आपलं दळण होणार याबद्दल तिला शंका नसायची, कारण डबा बाकावर होता. बाक ही काय चीज आहे ते मला सॉफ्टवेअरमध्ये आल्यावर कळलं. मामा जेवायला गेला, आजारी पडला, पट्टा तुटला, तरी बाकावरचा डबा बाकावरच. आमच्या प्रोग्रॅमला बाकच नव्हता.

तो आम्ही आणला. रेडिस नावाच्या झटपट डेटाबेसमध्ये रांग, आणि तिच्यातली कामं उचलायला सेलेरी ही पायथनची लायब्ररी. सेलेरी आणि रेडिस दोन्ही २००९ चीच अपत्यं. वेब सर्व्हर फक्त चिठ्ठी लिहून रांगेत टाकतो, बाजूला वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, वर्कर बसलेले असतात, ते एकेक उचलतात. लॅबमधलं फिरणारं चक्र थांबलं. आम्ही पेढे नाही, पण वडापाव वाटले.

आता खरी गोष्ट. डबा बाकावरून उचलला की तो कुणाचा?

मामाकडे खडू असायचा. दळून झालेल्या डब्यावर तो एक फुली मारायचा. त्याच्याकडे काही दिवस एक पोरगा होता, तो धान्य वरच्या खोक्यात ओततानाच फुली मारून मोकळा व्हायचा. काय बिघडलं, दळणारच तर आहे. मग एका पावसाळी संध्याकाळी वीज गेली. भारनियमनाचे दिवस होते ते, गेली की तीन-चार तास निश्चिंती. अर्धं धान्य खोक्यात, अर्धं पीठ खाली, आणि डब्यावर फुली. दुसऱ्या दिवशी पोरानं फुली बघून तो डबा तसाच मालकिणीला दिला. तिनं घरी जाऊन उघडला आणि परत येऊन जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मामानं नंतर पोराला एवढंच सांगितलं, “पीठ डब्यात पडल्याबिगर खडू लावायचा न्हाई.”

वर्करनं रांगेला काम मिळाल्याचं किंवा झाल्याचं जे कळवायचं असतं, त्याला आपल्याकडे जुना आणि नेमका शब्द आहे: पोच. पत्राची पोच द्यावी, पोचपावती जोडावी, असं आजोबांच्या पिढीतले लोक लिहायचे. सेलेरी आपण काही सांगितलं नाही तर काम सुरू करायच्या आधीच पोच देते. म्हणजे ती मामाकडचा पोरगा. यात वाईट काही नाही, काही कामांना तेच बरं असतं. पण वर्कर मध्येच मेला तर ते काम गेलं. उलट, काम झाल्यावर पोच द्या असं सांगितलं, तर वर्कर मेल्यावर काम पुन्हा कुणाला तरी मिळू शकतं. मात्र दुसरा धोका उभा राहतो. काम पूर्ण झालं, आणि पोच द्यायच्या आधी वीज गेली, तर? तेच दळण पुन्हा.

एकतर काम हरवू शकतं, नाहीतर दोनदा होऊ शकतं. ‘नेमकं एकदाच’ असा तिसरा पर्याय विकणारे लोक भेटतात. त्यांना मी विचारते, मेसेज गेला आणि गेल्याची नोंद करायच्या आतच मशीन बंद पडलं, तर तुमच्या प्रोग्रॅमला कसं कळणार गेला की नाही? मग ते विषय बदलतात.

तर सुपातले हसतात ते यासाठी. ते कुठेतरी लिहिलेले आहेत, वर्कर मेला तरी त्यांना काही होत नाही. जात्यातला दाणा धड गहूही नसतो आणि पीठही नसतो. वर्कर लिहिणं म्हणजे या जात्यातल्यांचा विचार करणं. काम करणारा कोड दहा ओळींचा असतो, तो कुणीही लिहितं.

यावर उपाय म्हणजे काम असं लिहायचं की दोनदा झालं तरी बिघडू नये. दळलेलं पीठ पुन्हा दळलं तरी पीठच, फार तर जरा जास्त बारीक. पीडीएफ त्याच नावानं पुन्हा तयार झाला, जुना पुसला गेला, कुणाचं काय गेलं? पण बिलात ओळ दोनदा वाढली तर लॅबवाला भांडायला येतो, आणि त्याचं खरं असतं. तिथे मग डेटाबेसला सांगायचं की या नमुन्यासाठी या प्रकारची ओळ एकच असू शकते, दुसरी आली तर नाकार. मेसेज मधोमध लटकतो. तो एकदा गेला की परत घेता येत नाही, आणि पाठवणारा सर्व्हर आपला नसतो. मी स्वतःपुरतं ठरवलंय: मेसेज दोनदा गेला तर चालेल, गेलाच नाही तर चालणार नाही. दोनदा म्हणजे दोनदाच, हे मात्र मला अनुभवानं जोडावं लागलं.

त्याचं असं झालं. काही तपासण्यांना उपाशीपोटी रक्त द्यायचं असतं. घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबनं सांगितलं, आदल्या संध्याकाळी बुकिंग झालं की सकाळी सहाला पेशंटला आठवण जाऊ दे: चहासुद्धा घेऊ नका, आमचा माणूस येतोय. सोपं काम. बुकिंगची घटना घडली की ‘सकाळी सहाला कर’ असं सांगून काम रांगेत टाकायचं. सेलेरीला तशी सोय आहे. मी माझ्या लॅपटॉपवर दोन मिनिटं पुढची वेळ लावून बघितली, मेसेज आला. पाच मिनिटं लावून बघितली, आला. घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. एक आजोबा, आवाजात राग कमी, कुतूहल जास्त. “अहो, उपाशी राहा म्हणून अकरा वेळा सांगितलंत. पहिल्याला घाबरून उठलो, पाचव्याला वाटलं काहीतरी गंभीर आहे, अकरावा येईपर्यंत टेन्शनमध्ये चहा पिऊन टाकला. आता काय करू?”

कुणाला दहा, कुणाला अकरा. कारण शोधायला मला दुपार झाली, आणि तेही दस्तऐवजात ठळक लिहिलेलं निघालं. पुढच्या वेळेचं काम वर्कर लगेच उचलतो आणि वेळ होईपर्यंत हातात धरून बसतो. हातात आहे म्हणजे पोच दिलेली नाही. रेडिसवर चालणारी ही रांग तासभर वाट बघते. तासात पोच आली नाही म्हणजे वर्कर गेला असं समजून तेच काम दुसऱ्याला देते. तोही सकाळची वाट बघत धरून बसतो. पुन्हा तासानं तिसऱ्याला. संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत हे चाललं. सहाच्या ठोक्याला सगळे एकदम इमाने इतबारे कामाला लागले. यात कुणाचीच चूक नव्हती, हे मला जास्त लागलं. रांग तिच्या नियमानं वागली, वर्कर त्याच्या. चूक दोन मिनिटांवर चाचणी संपवणारीची.

त्यानंतर लांबच्या वेळेचं काम मी रांगेत टाकत नाही. ते डेटाबेसमध्ये एका तक्त्यात लिहिते, वेळेसकट. दर मिनिटाला एक छोटा प्रोग्रॅम उठतो, ज्यांची वेळ झाली तेवढी उचलून रांगेत टाकतो. असे दोन प्रोग्रॅम एकाच ओळीवर झडप घालू नयेत म्हणून पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘स्किप लॉक्ड’ अशी सोय आहे, २०१६ च्या जानेवारीत आलेल्या ९.५ आवृत्तीपासून: दुसऱ्यानं धरलेली ओळ सोड, पुढची घे. मला विचाराल तर छोट्या लॅबला, छोट्या दुकानाला, निम्म्या ठिकाणी वेगळ्या रांगेची गरजच नसते, एवढा तक्ता पुरतो. पण हे बोललं की मीटिंगमध्ये लोक माझ्याकडे मी चुलीवर स्वयंपाक करते असं बघतात.

चिठ्ठीबद्दल एक राहिलं. सही झाली की आमचा कोड डेटाबेसमध्ये रिपोर्ट लिहायचा, लगेच रांगेत चिठ्ठी टाकायचा आणि मग डेटाबेसचा व्यवहार पक्का करायचा. पक्का होईपर्यंत लिहिलेलं दुसऱ्या कुणाला दिसत नाही. या क्रमानं दोन वर्षं काही झालं नाही. मग रांगेचं मशीन बदललं, वेगवान आलं, आणि वर्कर ओरडायला लागले की या क्रमांकाचा रिपोर्टच नाही. आम्ही बघायला जावं तर रिपोर्ट समोर. वर्कर इतका चपळ झाला होता की व्यवहार पक्का व्हायच्या आत तो दारात हजर. चिठ्ठी पोहोचली, डबा अजून रस्त्यात. आधी पक्कं करायचं, मग चिठ्ठी टाकायची असं उलटं केलं, तर त्या दोहोंच्या मधे वीज गेली की डबा आहे, चिठ्ठी नाही. शेवटी चिठ्ठीसुद्धा त्याच व्यवहारात, त्याच डेटाबेसमध्ये लिहायची आणि तिथून कुणीतरी ती रांगेत नेऊन टाकायची, इथे गाडी थांबली. आणि चिठ्ठीवर फक्त क्रमांक लिहायचा. सुरुवातीला मी पेशंटचं नाव, मोबाइल सगळं चिठ्ठीतच कोंबायचे. रांगेत वीस मिनिटं गेली, तेवढ्यात रिसेप्शनिस्टनं चुकलेला नंबर दुरुस्त केला, आणि मेसेज जुन्याच नंबरावर. चिठ्ठीवर पत्ता असावा, घर नसावं.

गिरणीवर बायका एक गोष्ट हमखास सांगायच्या: “गव्हावर गहू घाला हो, ज्वारीवर नको.” आधीच्या दळणातलं मूठभर पीठ जात्यात राहतं, ते पुढच्या डब्यात पडतं. उपासाच्या वरईवाली तर सकाळी जातं झाडून पहिला नंबर लावायची. वर्करची प्रोसेस तेच जातं आहे. ती एका कामानंतर मरत नाही, दुसरं घेते, आणि आधीच्या कामाचं काय काय तिच्यात चिकटून राहतं. आमच्याकडे लेटरहेड चिकटलं. वेग यावा म्हणून कुणीतरी ते एकदा वाचून एका जागतिक चलात, म्हणजे सगळ्या कामांच्या सामाईक कप्प्यात, ठेवलं होतं. एका लॅबच्या पेशंटच्या थायरॉइडच्या रिपोर्टवर गावातल्या दुसऱ्या लॅबचं नाव छापून आलं, आणि ते दोघे लॅबवाले एकमेकांचे मेहुणे, शिवाय बोलणं बंद. तो आठवडा मी विसरणार नाही. तेव्हापासून प्रत्येक कामाला जे लागतं ते त्यानं स्वतः आणायचं, जाताना मागे काही ठेवायचं नाही. आणि काही शे कामांनंतर प्रोसेसच बदलायची, जसा मामा अधूनमधून दगडांना टाकी लावून घ्यायचा.

मिरचीला गिरणीत वेगळं यंत्र असतं, हे तर पोरालाही कळतं. आम्हाला कळायला एक महिनाअखेर लागली. चाळीस मिनिटं चालणारी बिलांची चार कामं आली, चारही वर्कर अडकले, आणि मागे दोन सेकंदांचे तीनशे मेसेज खोळंबले. आता लांब कामांची रांग वेगळी, वर्कर वेगळे. शिवाय चाळीस मिनिटांचं काम तोडून दोन-दोन मिनिटांचं केलं, कारण बंद होण्याची सूचना आल्यावर हातातलं उरकायला वर्करला वेळ थोडा मिळतो. कुबरनेटीसवर, म्हणजे सर्व्हरवरचे प्रोग्रॅम चालू-बंद करणाऱ्या यंत्रणेवर, आपण काही सांगितलं नाही तर तीस सेकंद, मग ते सरळ मान मुरगाळतं. मामा रात्री बंद करताना नवा डबा घ्यायचा नाही, खोक्यातलं संपू द्यायचा, मगच बटण. त्याला कुणी तीस सेकंद दिले असते तर त्यानं देणाऱ्यालाच खोक्यात घातलं असतं.

दिवाळीच्या आधी भाजणीचे डबे यायचे तेव्हा मामा नुसता बाकाकडे बघून सांगायचा, “दोन तासांनी या.” तासाला बारा डबे, बाकावर चोवीस, दोन तास. जॉन लिटल यांनी १९६१ साली रांगेबद्दलचा हाच नियम सर्वसाधारण रूपात सिद्ध केला आणि तो त्यांच्या नावानं ओळखला जातो. त्याआधी, १९०९ मध्ये, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत आग्नर एरलांग हा गणिती हाच विचार फोनच्या तारांबद्दल करत होता. या गणितातली एक गोष्ट मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते. लोक आपापल्या मर्जीनं येतात, कुणाचं दळण दोन किलो, कुणाचं दहा. अशा ठिकाणी गिरणी निम्मा वेळ चालू असेल तर सरासरी एक डबा गिरणीत. ऐंशी टक्के वेळ चालू असेल तर चार. नव्वदला नऊ. पंच्याण्णवला एकोणीस. म्हणून कुणी मला “वर्कर वीस टक्के रिकामे बसतात, कमी करा” म्हणालं की मी हा तक्ता फळ्यावर लिहिते. पैसे सांभाळणारे गृहस्थ तो बघतात, मान डोलवतात आणि पुढच्या तिमाहीत पुन्हा विचारतात.

पुन्हा प्रयत्न करण्याबद्दल थोडक्यात. पलीकडचा सर्व्हर पडला की काम थोड्या वेळानं पुन्हा करायचं, मग त्याच्या दुप्पट वेळानं, मग चौपट. आणि प्रत्येकानं त्यात थोडा आपापला अनियमितपणा मिसळायचा, नाहीतर सगळे एकाच क्षणी दार ठोठावतात आणि नुकता उठून बसलेला सर्व्हर पुन्हा आडवा होतो. हवाई विद्यापीठानं १९७१ मध्ये बेटांवरचे संगणक रेडिओनं जोडले तेव्हा दोघं एकदम बोलले की दोघांनी मनाला येईल तितकं थांबून पुन्हा बोलायचं, असं ठरवलं होतं. त्यापुढे या विषयात नवं फारसं काही नाही.

आता तो तिसरा आकडा. एका सोमवारी सकाळी ऑफिसात आले. सुपात शून्य, जात्यात शून्य, सगळं हिरवं. इतकं निवांत की मी खूश. दहा वाजता फोन सुरू झाले. शनिवार संध्याकाळपासून एकाही पेशंटला मेसेज नाही. मेसेज पाठवणाऱ्या कंपनीकडचे आमचे पैसे संपले होते. त्यांचा सर्व्हर तरीही दर वेळी ‘मिळालं, ठीक’ असाच कोड परत करत होता आणि शिल्लक नसल्याचं आतल्या मजकुरात एका ओळीत सांगत होता. आमचा वर्कर कोड बघायचा, मजकूर वाचत नव्हता. त्यानं दीड दिवस न थकता काम उचललं, केलं, पोच दिली. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय. वेबसाइट बंद पडली तर मिनिटभरात दहा लोक बोंब मारतात. मागचा वर्कर बिघडला तर पुढे सगळं शांत असतं, आणि ती शांतता चांगल्या दिवसासारखीच दिसते.

त्या रात्री तिसरा आकडा आला: ‘पीठ’. शेवटचा मेसेज खरंच कुणाच्या मोबाइलवर पोहोचल्याची खबर येऊन किती मिनिटं झाली. तो वीसच्या वर गेला की माझा फोन वाजतो. पहाटे तीनला रिपोर्ट नसतात, मेसेज नसतात, तेव्हाही तो वाजायचा. मग रात्री दर दहा मिनिटांनी एक मेसेज माझ्याच दुसऱ्या नंबरवर जाऊ लागला. त्या फोनवर असे हजारो आहेत. एकही वाचलेला नाही, पण ते येतात म्हणून झोप लागते.

मुलगा हे सगळं ऐकून म्हणाला, “आणि जे होतच नाही, ते कुठे जातं?”

खडा असलेलं धान्य मामा बाजूला ठेवायचा. जातं फुटण्यापेक्षा डबा राहिलेला बरा. आमच्याकडे असा खडा म्हणजे एका लॅबनं रिपोर्टला जोडलेला प्रचंड मोठा स्कॅन. तो उघडला की वर्करची मेमरी संपायची, यंत्रणा वर्करला मारायची, काम प्रामाणिकपणे रांगेत परत, की पुढचा वर्कर बळी. रात्रभरात सगळे वर्कर त्या एका कामानं आळीपाळीनं खाल्ले. आता तीन वेळा फसलं की काम ‘बाजूला’ जातं. भिंतीवर त्याचा आकडा नाही, कारण तो मला बघवत नाही.

मामानं गिरणी बंद करून बरीच वर्षं झाली. घरोघरी घरघंट्या आल्या, बाक रिकामा पडायला लागला. बंद करताना एकच डबा उरला होता, पितळी कड्यांचा, झाकणावर दोन अक्षरं कोरलेली. कुणी न्यायला आलंच नाही. गेल्या दिवाळीला कराडला गेले तेव्हा तो मामीच्या फडताळात दिसला. त्यात आता रव्याचे लाडू असतात. झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवलेली, अक्षर माझं, तिसरी-चौथीतलं: गहू, ५ किलो, बारीक. मामी म्हणाली, मामा ती काढू देत नाहीत. मी मामाला विचारलं, अजून कुणी येईल असं वाटतं होय? तो म्हणाला, “मला काय म्हाईत? डबा त्यांचा हाय.”

मंगळवारपासून बाजूला सात कामं पडून आहेत. सहा त्याच स्कॅनवाल्या लॅबची. सातवं कुठल्या घटनेतून आलं तेच कळत नाहीये, चिठ्ठीवर नुसता क्रमांक आहे. उद्या त्या मुलाला शेजारी बसवून ते उघडणार आहे.